बिनअर्थाचे बारा शब्द

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणत. मला त्याचं वाईट वाटत नसे, उलट थोडा अभिमानच होता. पण त्या उन्हाळ्यात याच जिभेनं ऐन वेळी मला असा दगा दिला, की आज ऐंशीच्या घरात आले तरी आठवलं की कान तापतात.

लढाईचे दिवस होते. भिंगारच्या आमच्या गल्लीवरून दिवसभर लष्करी ट्रक जायचे आणि काकूनं वाळत घातलेल्या कुरडयांवर धूळ बसायची. पुण्यात मानसशास्त्राचं पहिलं वर्ष पास होऊन मी सुट्टीला घरी आले होते. दुसऱ्या वर्षाला प्रयोग असत. त्याची तयारी म्हणून प्राध्यापकांनी काम दिलं होतं: कशालाच अर्थ नाही अशा बारा शब्दांची यादी करायची, ती बारा माणसांना तीन-तीनदा ऐकवायची आणि आठ दिवसांनी कुणाला किती आठवतं ते वहीत मांडायचं. वही आणली नाही तर प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

घरात माणसं चार. वडील कॅन्टोन्मेंटच्या कचेरीत कारकून, मोठ्या भावापुढे मान वर न करणारे. तो मोठा भाऊ म्हणजे माझे काका, वैदिक. रोज सकाळी ओसरीवर सात-आठ मुलांना संथा द्यायचे. काकांनी एकदा म्हणायचं, मुलांनी दोनदा, आणि जो चुकेल त्यानं अख्खं दहा वेळा म्हणायचं. तिसरी काकू. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून मला काकूनंच वाढवलं. आणि चौथी मी, डोक्याला ताप.

"एक वर्ष झालं, हौस फिटली," काका म्हणाले. "शेवगावचं स्थळ चांगलं आहे. मन शिकायला पुण्याला कशाला जायला हवं? मन काय इथं घरी नाही?"

"आहे ना. पण इथं ते वापरायची परवानगी नाही," मी म्हटलं.

वडिलांनी डोळे मिटून घेतले. काकू आत भाकरी थापत होती, तिचा हात क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

मी यादी घेऊन गावभर हिंडले. शब्द जमवतानाच नाकी नऊ आले होते, कारण मराठीत काहीही तोंडातून काढा, त्याला कुठंतरी अर्थ असतोच. शेवटी जमले: गेठ, फुव, टोध, झिय, लेब, षुग, धिच, वुठ, केझ, थोल, जुफ, भीप. वडिलांना बसवलं, शेजारच्या मास्तरांना, शिंप्याला, पोस्टमनला बसवलं. दुधवाली तर माझ्याकडे बघतच राहिली. "आक्का, याला काय अर्थ हाय का? मला लई कामं हायती," म्हणाली, पण बसली बिचारी. आठ दिवसांनी तिला पहिले दोन आणि शेवटचा आठवला. सगळ्यांचं तसंच. पुस्तकातही तेच लिहिलेलं होतं, सुरुवातीचं आणि शेवटचं राहतं, मधलं गळतं. मी खूश. दहा माणसं झाली, दोन उरली.

तेवढ्यात काकांनी वही पाहिली. गेठ, फुव असं वाचत गेले आणि ओसरीवरच्या मुलांसमोर मोठ्यानं हसले.

"हे शिक्षण? याच्यासाठी पुणं? अरे, ही आठ वर्षांची पोरं इथं रोज याच्या शंभरपट पाठ करतात!"

मुलं खी खी करून हसली. माझं टाळकं सरकलं.

"मग बसा," मी म्हटलं. "तीनदा ऐका, आठ दिवसांनी न चुकता म्हणून दाखवा. म्हटलंत तर मी पुण्याला जाणार नाही. शेवगाव तर शेवगाव. चुकलात तर परत या विषयावर अवाक्षर काढायचं नाही."

काका मांडी घालून बसलेच. मी यादी तीनदा वाचली, त्यांनी डोळे मिटून ऐकली. वडील मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "अगं, अक्कल गहाण टाकलीस का? चाळीस वर्षं पाठांतर करणाऱ्या माणसाशी पाठांतराची पैज?"

मी त्यांना पुस्तक उघडून दाखवलं. माणूस आठ दिवसांत बहुतेक सगळं विसरतो, छापलेलं आहे. पुस्तक खोटं बोलेल का? चौथ्या दिवशी विहिरीवर पाणी शेंदायला गेले, तर काका पलीकडे अंघोळ करत होते आणि पाण्याच्या तांब्यागणिक चालू होतं: "गेठ फुव, फुव गेठ, गेठ फुव. फुव टोध, टोध फुव, फुव टोध." मंत्र जसे उलटसुलट गुंफून पक्के करतात, तसे ते माझे बारा शब्द गुंफत होते! माझ्या हातातला दोर सुटला. बादली गेली खाली.

पुस्तक लिहिणाऱ्या साहेबानं आमचे काका पाहिले नव्हते. मी खोलीत गेले आणि हट्टानं ट्रंक भरली. साड्या, पुस्तकं, वही. हरले तरी ट्रंक भरलेलीच राहील, कुणी उपसायला या तर खरं, असं मनाशी म्हणत होते आणि रडत होते. शेवगावच्या माणसाला मी पाहिलंही नव्हतं, पण त्याचा मला भयंकर राग आला होता.

आठव्या दिवशी सकाळी काका धूतवस्त्र नेसून ओसरीवर बसले. समोर मुलं, खांबाशी वडील. मी कागद घेऊन उभी. काकांनी सुरुवात केली, तीही सुरात. गेठ, फुव, टोध, झिय, लेब, षुग. अडखळणं नाही, घाई नाही. मग वुठ, केझ, थोल, जुफ, भीप. संपलं. त्यांनी डोळे उघडले आणि मुलांकडे पाहिलं. मुलांच्या चेहऱ्यावर काय तो आनंद!

धिच राहिलं होतं. सातवं. अगदी मधलं. कागद माझ्या हातात होता आणि माझं बोट त्याच शब्दावर होतं. फक्त 'चुकलात' म्हणायचं होतं, बस. मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. त्या ओसरीवर काकांना कुणी 'चुकलात' म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. वादात मी त्यांना हजार गोष्टी ऐकवल्या होत्या, पण शिष्यांसमोर, त्यांच्या पाठांतरात? माझी जीभ टाळूला चिकटली. माझं सगळं पुणं त्या एका शब्दात अडकलं होतं आणि मी, मी बावळटासारखी उभी राहिले.

"धिच राहिलं."

आवाज स्वयंपाकघरातून आला. तवा चुलीवरून उतरवल्याचा आवाज, आणि पुन्हा: "षुग, धिच, वुठ. धिच राहिलं."

काका वळले नाहीत. त्यांनी माझ्यापुढे हात केला, "कागद." मी दिला. त्यांनी तो वाचला, परत वाचला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

"राहिलं," ते म्हणाले. मग मुलांकडे वळले. "चुकणाऱ्यानं काय करायचं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. एकानं घाबरत घाबरत सांगितलं, "दहा वेळा."

आणि काकांनी दहा वेळा म्हटलं. गेठपासून भीपपर्यंत, दर वेळी धिच घेऊन, एकही शब्द न गिळता. मुलं बोटांवर मोजत होती. मग उठले, उपरणं झटकलं आणि वडिलांना म्हणाले, "हिच्या ट्रंकेसाठी टांगा सांगून ठेव. दौंडला गाडी बदलताना सोबत कोण आहे तेही बघ." त्यानंतर शेवगावचं नाव घरात निघालं नाही. काका शब्दाचे पक्के होते, एवढं म्हणायलाच हवं.

मी धावत आत गेले आणि काकूला मिठी मारायला गेले, तर तिनं पिठाच्या हातानं मला लांब केलं.

"माझ्यासाठी बोललीस ना, काकू?"

"तुझ्यासाठी कशाला? तुला तोंड नव्हतं का?" ती म्हणाली. "चुकीचं म्हटलेलं मला ऐकवत नाही. लग्न झाल्यापासून या भिंतीमागं बसून ऐकतेय. बायकांनी म्हणायचं नाही, ठीक आहे, नाही म्हणत. अर्थ कुणी सांगत नाही, तेही ठीक. पण कान काय खुंटीला टांगून ठेवू?"

मग तिनं ते बारा शब्द म्हटले. सरळ, मग उलटे, मग काकांसारखे गुंफून. मी तिथंच खाली बसले. पोस्टमनपासून दुधवालीपर्यंत सगळ्यांना मी विचारलं होतं. चुलीपुढच्या बाईला विचारावं असं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मोठी मन शिकायला निघालेली!

"बारा माणसं शोधत गावभर हिंडलीस," काकू म्हणाली. "मी इथंच होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वही आणली, काकांच्या खाली बारावी ओळ आखली आणि समोर लिहिलं, बारापैकी बारा. काकूला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं, पण आकड्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हे माझं?" मी हो म्हटलं. ती कितीतरी वेळ ते बोट तसंच ठेवून होती.

निघायच्या दिवशी टांगा दाराशी आला. काकांनी ट्रंक स्वतः उचलून वर ठेवली. काकूनं दशम्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, पदरानं हात पुसले आणि ओसरीवरच्या मुलांना, काकांना, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पुढच्या सुट्टीला येशील तेव्हा अर्थ असलेले शब्द आण. बिनअर्थाचे माझे पुष्कळ पाठ झालेत."