जरासे आणि साहेबाचे सहा ठिपके

माझी मिशी पहिल्यांदा गेली ती बढतीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी. मी टपाल कचेरीत कारकून. मुलाखतीला नीटनेटकं जावं एवढीच इच्छा होती, म्हणून घरासमोरच्या सलूनमध्ये जाऊन बसलो आणि म्हणालो, "मिशी तेवढी सारखी करा." हे वाक्य त्या खुर्चीत बसून कुणी बोलू नये, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सलूनच्या मालकांनी डावीकडून दोन केस घेतले, मान तिरकी करून आरशात पाहिलं आणि म्हणाले, "उजवी जड वाटते. जरासं घेतो." मग उजवीकडून जरासं. मग डावीकडून जरासं. मी खुर्चीतून उठलो तेव्हा दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या, कारण दोन्ही बाजू नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दारावरच्या शिपायाने, जो मला नऊ वर्षं सलाम ठोकत होता, विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

गल्लीत त्यांना सगळे 'जरासे' म्हणतात, आडनाव असल्यासारखं. त्या नावाने पत्रंसुद्धा येतात आणि ती बरोबर पोचतात, याला मी जबाबदार आहे. एवढं होऊनही गिऱ्हाईक तुटत नाही. माणूस जिभेने गोड, हाताने हलका, आणि दुसरं सलून दोन गल्ल्या पलीकडे. आपण सगळे आळशी लोक, तिथवर कोण जातो?

सलूनच्या डोक्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे आणि घराला रस्त्याच्या अंगाने लांबलचक गॅलरी. ती जाळी ठोकून जरासेंनी बजींना देऊन टाकली होती. बजी म्हणजे ते मुठीएवढे, लांब शेपटीचे, दिवसभर किचकिचणारे छोटे पोपट. कुणी खुर्चीत बसून "तुमचे लव्हबर्ड्स छान आहेत हो" म्हणालं की जरासे वस्तरा खाली ठेवत आणि त्या माणसाला अर्धवट दाढीत लव्हबर्ड आणि बजी यांतला फरक समजावून सांगत. अकरा जोड्या होत्या आणि त्यांना अंडी घालायला लाकडाची तेरा खोकी. दोन जास्त का, असं विचारलं तर म्हणत, "खोकी कमी पडली की माद्या एकमेकींच्या जिवावर उठतात. आणि सगळी एकाच उंचीवर टांगायची. एक जरी वर गेलं तरी सगळ्यांना तेच हवं." रोज सकाळी ते दाण्याच्या वाट्यांवर फुंकर मारत, कारण हे पक्षी दाणा खाऊन टरफल तिथेच टाकतात आणि रिकामी वाटी भरल्यासारखी दिसते. ती टरफलं उडून खाली रस्त्यावर जात, वहिनींच्या शिलाई मशीनवर जात आणि वारा असेल तर माझ्या चहात येत.

वहिनी म्हणजे जरासेंची बायको. घरी शिवणकाम करतात, आणि जीभ सुईसारखीच चालवतात. त्या घरात बावीस पक्ष्यांना हवेशीर जागा होती आणि एका ओल्या चादरीला नव्हती. दोरी खोलीतच बांधलेली. जेवताना डोक्यावर जरासेंची विजार ठिबकायची.

आता साडूभाऊ. वहिनींच्या थोरल्या बहिणीचे यजमान दातांचे डॉक्टर, आणि त्यांच्याकडेही बजी. शाळेच्या हॉलमध्ये दर वर्षी पक्ष्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे साडूभाऊ पहिले येत आणि जरासे दुसरे. बारा वर्षांत अकरा वेळा दुसरे आणि एकदा तिसरे. त्या तिसऱ्या नंबराचा विषय त्यांच्या घरात काढायची सोय नव्हती.

यंदा मात्र जरासेंकडे 'साहेब' होता. निळा, रुंद छातीचा, भुवया नसतानाही भुवया चढवल्यासारखा बघणारा नर. चांगल्या बजीच्या गळ्यावर सहा काळे गोल ठिपके असावे लागतात, माळेत ओवल्यासारखे. निसर्ग काही मोजून ठिपके देत नाही, तो भसाभस देतो. म्हणून प्रदर्शनाच्या आधी पाळणारे लोक चिमट्याने जास्तीची इवलीशी पिसं काढून बरोबर सहा ठेवतात. पक्ष्याला इजा होत नाही, तीन आठवड्यांत पिसं परत येतात. साडूभाऊंचे ठिपके दर वर्षी अप्रतिम असत. उपटताना कुठे थांबायचं हे त्यांना धंद्यामुळेच ठाऊक, कारण दात परत येत नाहीत. जरासेंचं सगळं आयुष्य परत उगवणाऱ्या गोष्टी कापण्यात गेलं होतं.

फॉर्म भरायला त्यांनी मला बोलावलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. वहिनी भिजलेली चादर पिळत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही साक्षीला आहात म्हणून विचारते. अहो, यंदा तरी पहिला नंबर येणार का?"

"शंभर टक्के," जरासे म्हणाले.

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर ही गॅलरी तुझी. जाळी मी स्वतःच्या हाताने काढीन."

वहिनींनी चादर बादलीत टाकली. "ऐकलंत ना भाऊजी? यांचा पहिला नंबर नाही आला तर गॅलरी माझी."

जरासे हसले, पण हसताना त्यांनी गॅलरीकडे पाहिलं ते मी पाहिलं. मूलबाळ नाही, दुसरा छंद नाही, दिवसभर लोकांच्या डोक्यांशी झटून हा माणूस संध्याकाळी त्या जाळीत एका स्टुलावर बसायचा आणि अंगाखांद्यावर पक्षी घेऊन गप्प राहायचा. चोवीस तासांत तेवढाच काय तो गप्प. त्या दिवशी मला त्यांची खरोखर काळजी वाटली.

मी जिना उतरत होतो तर वहिनी मागून आल्या आणि माझ्या हातात आणखी एक कोरा फॉर्म ठेवला. "हा माझ्या नावाने भरा. पक्षी, पिवळी."

पिवळी मला माहीत होती. दोन हिरव्या पक्ष्यांच्या पोटी अचानक निघालेलं लाल डोळ्यांचं पिल्लू. वाढलं ते डोक्यापासून शेपटीपर्यंत हळदीच्या रंगाचं, ना ठिपका ना रेघ. जरासे म्हणाले होते, "कोरा कागद. याला मी करू काय?" वहिनी म्हणाल्या होत्या, "काही करू नका." आणि तिला उचलून त्यांनी प्रदर्शनाच्या एका जुन्या पिंजऱ्यात, मशीनशेजारी ठेवलं. वर्षभर ती मशीनचा खडखडाट आणि वहिनींची बडबड ऐकत, चांगलं खात, धष्टपुष्ट झाली होती.

"जरासेंना सांगू नका," वहिनी म्हणाल्या. "मिशी नुकती आली आहे ना? तिच्याखाली तोंड बंद ठेवायचं."

मी बंद ठेवलं. एका बाजूला मित्र, दुसऱ्या बाजूला वहिनींची जीभ. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी सलून बंद ठेवून जरासेंनी मला आत घेतलं. साहेब माझ्या मुठीत, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला. त्याने लगेच माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला आणि तो काम संपेपर्यंत सोडला नाही. जरासेंनी चष्मा चढवला, चिमटा उचलला आणि जास्तीची पिसं इतक्या नाजूकपणे काढली की मी दुखणं विसरलो. तीन आणि तीन. सहा ठिपके, काळेभोर, गोल. साडूभाऊंचीसुद्धा बोटं तोंडात गेली असती.

"झालं," मी म्हणालो. "उत्तम झालं. चिमटा ठेवा."

तेवढ्यात त्यांनी सवयीने मान तिरकी केली आणि आरशात पाहिलं.

"उजवीकडचा मधला जरा मोठा वाटतो."

"नाही वाटत."

"जरासंच घेतो."

"जरासे, माझी मिशी आठवा!"

पण त्यांना ऐकू येत नव्हतं. तीस वर्षं हा माणूस आरशात बघून हात चालवतोय. फरक इतकाच की गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून बसतं, आणि साहेब जरासेंकडे तोंड करून होता. आरशात त्यांना साहेबाची नुसती पाठ आणि माझा घाबरलेला चेहरा दिसत असणार. तरी त्यांनी चिमटा चालवला आणि घेतलं ते डावीकडचं. मग दोन्ही बाजू सारख्या करणं आलं. तीन-दोनाचे दोन-दोन झाले. दोनमध्ये अंतर फार दिसायला लागलं. दोन-एक झाले. मी ओरडत होतो, साहेब चावत होता आणि जरासे घामाने डबडबून "जरासंच, जरासंच" म्हणत होते. शेवटी साहेबाच्या गळ्यावर मधोमध एकच ठिपका उरला.

"एकटा बरा दिसत नाही," जरासे म्हणाले आणि तोही काढला.

मग ते खुर्चीत बसले, गिऱ्हाइकांच्या. त्यांची नजर फळीवरच्या कलपाच्या बाटलीकडे गेली. बाटली, बारीक ब्रश, काळा रंग, सगळं हाताशी.

"त्या बाटलीला हात लावलात तर आधी तुमच्या भुवया रंगवीन." वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी साहेबाला माझ्या मुठीतून सोडवलं, गळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "साहेब रिटायर झालेले दिसतात." एवढं बोलून त्याला वर घेऊन गेल्या. जरासेंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला हसू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

तरीही ते साहेबाला घेऊन प्रदर्शनाला गेले. फॉर्म भरला आहे, पळून जाणार नाही, म्हणाले. साडूभाऊंनी पिंजऱ्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "कवळी बसवून देऊ का?" बाकी पक्षी हॉलच्या गोंगाटाने थयथयाट करत होते. परीक्षक हातातली काठी टेकत एकेका पिंजऱ्यासमोर थांबत होते. साहेबासमोर ते फार वेळ थांबले.

"याचे ठिपके?"

"होते," जरासे म्हणाले.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सहानुभूतीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटच्या टेबलावर, वहिनींनी मागाहून आणलेली पिवळी दांडीवर ताठ बसली होती, मशीन सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखी. तिच्या एकाही पिसाला कुणाचा हात लागलेला नव्हता. परीक्षक तिच्यापाशी दोनदा परत आले. निकाल लागला तेव्हा पहिला नंबर पुकारला गेला वहिनींच्या नावाने. बारा वर्षांत पहिल्यांदा साडूभाऊ दुसरे आले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. आतले दात फारसे चांगले नव्हते.

जरासेंनी माझ्याकडे पाहिलं. पिंजऱ्याला लावलेल्या फॉर्मवरचं अक्षर ओळखलं असणार. मग त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बराच वेळ वाजवत राहिले. पण घरी जाताना रिकाम्या गळ्याच्या साहेबाला छातीशी धरून ते माझ्यापुढे दहा पावलं चालत होते, आणि मला हाक मारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहतो तर जरासे स्टुलावर उभे, हातात स्क्रू ड्रायव्हर. जाळीचे वरचे चार स्क्रू निघाले होते आणि ते शर्टाच्या खिशात नीट ठेवले होते. पक्षी एका कोपऱ्यात गोळा होऊन बघत होते. मी चपला न घालता रस्ता ओलांडून वर धावलो. मी पोचलो तेव्हा वहिनी गॅलरीच्या दारात उभ्या होत्या.

"काय चाललंय?"

"शब्द दिला होता." जरासे मागे न वळता म्हणाले. "माझा नंबर आला नाही. गॅलरी तुझी झाली."

"झाली ना माझी?"

"झाली."

"मग माझ्या गॅलरीचे स्क्रू कुणाला विचारून काढताय?"

स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"भाऊजी साक्षीला आहेत," वहिनी म्हणाल्या. "गॅलरी माझी, जाळी माझी, आतले बावीसही माझे. त्या पिवळीला मी जोडीदार बघतेय, आणि चौदावं खोकं लागणार आहे. लावा ते चार स्क्रू परत. आणि चिमटा इकडे द्या."

जरासे स्टुलावरून उतरले आणि तिथेच बसून लहान मुलासारखे रडले. वहिनी "पुरे, पुरे, पक्षी घाबरतात" म्हणत राहिल्या. मी स्क्रू पिळायचं काम करत होतो, म्हणजे मला कुणाकडे बघावं लागलं नाही.

आता चिमटा शिलाई मशीनच्या खणात असतो आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. ओले कपडे गच्चीवर वाळतात, बादली जरासे नेतात. संध्याकाळी गॅलरीत जाताना ते दारावर टकटक करतात. साहेबाचे ठिपके परत आले, मोजून अकरा. त्यांना हात लावायचा नाही, असा वरून हुकूम आहे.

गेल्या आठवड्यात मी सलूनमध्ये गेलो. मिशी फार वाढली होती, इलाज नव्हता. जरासेंनी डावीकडून थोडी कापली, उजवीकडून थोडी कापली, मान तिरकी करून आरशात पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. वरून मशीनचा आवाज येत होता आणि बजींचा गलका. बराच वेळ काही घडलं नाही. डोळे उघडले तर कात्री फळीवर ठेवलेली होती आणि ते माझ्या गळ्याचा कपडा सोडत होते.

"डावी जरा मोठी राहिली," ते म्हणाले. "असू दे."

मी तशीच घेऊन फिरतोय. शिपाई रोज सलाम करतो आणि डावीकडे बघून हसतो.