जरा उजळ करा

वडूजच्या शाळेत चित्रकलेच्या सरांनी मला वर्गापुढं स्टुलावर बसवलं. सातवीत होते. आज माणूस काढायचा, म्हणाले. मला वाटलं, सरांना माझा चेहरा आवडला. मी वेणी पुढं घेतली, मान ताठ केली.

सर पोरांना म्हणाले, "पेन्सिली ठेवा. हिला कोळसाच लागतो. ह्यांच्या वस्तीत सगळी अशीच."

आमची वस्ती बौद्धांची. वर्ग हसला. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. हलायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून तास संपेपर्यंत हललेही नाही.

पुढं मीच चित्रकार झाले. गेलेल्या माणसांची चित्रं करते, फोटोवरून. वर्षश्राद्धाला लोक घेऊन जातात. येणारा प्रत्येकजण एकच सांगतो, जरा उजळ करा. मी करत आले. हात इतका सरावला, की माझी आई गेली तेव्हा तिलाही गोरी करून बसले. माझ्या वडलांनी, आप्पांनी, चित्र हातात धरलं. लय वेळ बघितलं.

"ही कोण गं?" म्हणाले.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ते चित्र मी भिंतीकडं तोंड करून ठेवलं.

यंदा कवठे महांकाळच्या एका शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवते. म्हणजे दरसाल संस्थेच्या अध्यक्षांची मर्जी. त्यांनी त्यांच्या आईचं चित्र सांगितलं, सभागृहात लावायला. फोटोतली म्हातारी उन्हातान्हात राबलेली, माझ्यासारखीच काळी. मी तशीच रंगवायला घेतली, नववीच्या पोरींसमोर. काळ्या अंगाला नुसता काळा रंग फासायचा नसतो, हे त्यांना दाखवलं. गेरू, निळा, पिवळा, गालाच्या हाडावर किंचित तांबडा. पोरी आपापला हात चित्राशेजारी धरून रंग जुळवत होत्या.

तेवढ्यात अध्यक्ष आले. चित्र बघून कपाळाला आठ्या. पोरींसमोरच बोलले, "मॅडम, उजळ करा. आमची आई तुमच्यातली वाटाय नको. पुढच्या साली यायचंय न्हवं?"

कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या पोरीनं मात्र हात हळूच ओढणीखाली घेतला. ते बघितलं आणि माझं डोकं सणकलं. मी गप बसले तर ही पोर उद्या माझ्यासारखी हसायला शिकणार.

"आवं साहेब, तुमच्या आईचाच रंग हाय ह्यो," मी म्हणाले. "माझ्या आईचाबी ह्योच हुता. मी बदलणार न्हाई."

ते तणतणत गेले. माझे तास जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. भीती वाटते. घर त्याच्यावर चालतं. पण हात आता खोटं करणार नाही.

दुसऱ्या दिवशी आईचं ते गोरं चित्र वर्गात नेलं. स्टुलावर ठेवलं. पोरींना सांगितलं, ही माझी आई, हिला मीच पुसली. मग त्यांच्या देखत आईच्या कपाळावर गेरूचा पहिला हात दिला.

मार्चपर्यंत माझे तास आहेत. तोवर ह्या वर्गातली एकेक पोर त्या स्टुलावर बसणार. जशी हाय तशीच काढायची.