एक टक्क्याच्या आत

मला जपानमध्ये टिकवलं ते खालच्या काकांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू काही बरी नाही. एदोगावातल्या एका दोन मजली लाकडी इमारतीत मी वर राहायचो आणि ते बरोबर माझ्या पायाखालच्या खोलीत, म्हणून ते खालचे काका. नियम पाळण्यात त्यांचा हात धरील असा माणूस साऱ्या जपानात सापडला नसता, आणि जपानात म्हणजे काय ते इथे राहिलेल्यांना सांगायला नको.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सिग्नल होता. रस्ता एवढासा, की चार ढांगांत पलीकडे. इकडून तिकडून गाडी नाही, चिटपाखरू नाही, तरी लाल दिवा असेपर्यंत काका छत्री टेकून उभे. एकदा सायकलवरच्या एका जपानी आजीबाईच त्यांना "जा हो, जा" म्हणून हात करून गेल्या. काका हलले नाहीत. "त्यांचा देश आहे, त्या तोडतील. आपण पाहुणे," असं मला वर ऐकवलं. कचऱ्याचंही तेच. दुधाचा खोका धुऊन, उलगडून, वाळवून, इस्त्री केल्यासारखा सपाट करून ठेवायचे. घरमालकीणबाई नव्या भाडेकरूंना त्यांची कचऱ्याची पिशवी नमुना म्हणून दाखवायच्या. वरच्या खोलीत मी आणि माझ्याच हॉटेलातला आणखी एक स्वयंपाकी, आमची पिशवी मात्र दर आठवड्याला लाल चिठ्ठी चिकटून परत यायची.

ते सॉफ्टवेअरवाले. तेव्हा आपली कॉम्प्युटरची पोरं विमानं भरभरून इकडे येत होती, त्यात पन्नाशी उलटलेले हे एकटेच. बँकांच्या जुन्या मोठ्या मशीनची भाषा नव्या पोरांना येत नव्हती, म्हणून कंपनीने यांना आणलं होतं. काकू आधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. आकडे तेवढे होते. "माणसं चुकतात रे, बल्लवाचार्य, आकडा चुकत नाही. आणि तीस वर्षांत माझा चुकलेला नाही," असं ते म्हणायचे, आणि त्यात फुशारकी नसायची, हवापाणी सांगितल्यासारखं सांगायचे.

मी आठवीतून शाळा सोडलेला. चिपळूणहून मुंबईच्या हॉटेलात, तिथून मालकाने इथल्या हॉटेलात आणलं. गॅसचं पत्र, वॉर्ड ऑफिसचं पत्र, सगळं घेऊन मी जिना उतरायचो आणि काका चष्मा कपाळावर चढवून वाचून दाखवायचे. मालकाने मला एकच जपानी शब्द पाठ करायला लावला होता : वाकारिमासेन, म्हणजे मला कळत नाही. कोणी काही विचारलं की तेवढं म्हणायचं. काकांना ते आवडायचं नाही. "अरे, कळत नाही म्हणून किती दिवस काढणार? कळून घे की," म्हणत त्यांनी मला कातकाना अक्षरं गिरवायला लावली.

त्या हिवाळ्यात काकांच्या ऑफिसात वर्षअखेरची पार्टी झाली आणि सोडतीत त्यांना बक्षीस लागलं : घरी बिअर करायचं नवशिक्यांचं किट. नळ लावलेला प्लास्टिकचा पिंप, जाड काळ्या पाकाचा डबा, यीस्टची पुडी, थर्मामीटर आणि माहितीपत्रक. काका दारूला शिवत नसत. पण सूचना लिहिलेली वस्तू न वापरता ठेवणं त्यांच्याने होईना. "हा प्रोग्रॅमच आहे. रन तर करून बघू," म्हणाले. माहितीपत्रकात ठळक चौकट होती. या देशात परवान्याशिवाय एक टक्का किंवा त्याहून कडक दारू घरी करायची नाही, तेव्हा पाणी जास्त घाला, साखर कमी घाला. झालं. काकांनी वही काढली आणि दोन दिवस आकडेमोड करून साखर ग्रॅमात ठरवली. "शून्य पॉइंट नऊ. कायद्याच्या आत, बरं का."

दहा लिटरचा तो पिंप कोपऱ्यात चादर गुंडाळून बसवला. सकाळी ऑफिसला जाताना काका त्याच्यापुढे किंचित वाकून "यीस्ट-सान, येतो हं" म्हणायचे; सान म्हणजे इथलं 'राव'. दुपारी हॉटेल दोन तास बंद असे, तेव्हा खाली जाऊन तापमान लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. किल्ली दिली, आणि बजावलं, "फक्त बघायचं. हात लावायचा नाही."

तीन दिवस मी बघितलं. पिंपात जीव नाही. फेस नाही, बुडबुडा नाही. काका संध्याकाळी येऊन कान लावून बसत आणि हिरमुसून उठत. मला ते बघवेना. थंडीत आंबोळ्यांचं पीठ फुगलं नाही की माझी आई त्यात थोडी साखर घालून उबेला ठेवायची. मी म्हटलं, मोठे शिकलेले खरे, पण आंबवण्यातलं यांना काय कळणार? चौथ्या दुपारी अर्धा किलो साखर कोमट पाण्यात विरघळवून मी पिंपात ओतली. चौकटीतला टक्का माझ्या डोक्यातच आला नाही. यीस्टला भूक लागली असेल, एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पिंप असा खदखदायला लागला की काकांनी मला जिन्यावरूनच हाक मारली, "बल्लवाचार्य, उठले! यीस्ट-सान उठले!" त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसलो. तेव्हाचं गप्प बसणं निदान मायेचं होतं.

ठरल्या दिवशी त्यांनी बाटल्या भरल्या, आणि पुढच्या रविवारी सकाळी त्या फुटायला लागल्या. एकामागून एक, गोळीबार केल्यासारख्या. घरमालकीणबाई उशी डोक्यावर धरून अंगणात. उरलेल्यांपैकी एका बाटलीतला पेला काकांनी तपासणीसाठी म्हणून प्यायला, भिंतीला धरून उभे राहिले आणि पांढरेफटक पडत म्हणाले, "हे एक टक्का नाही." मग कोट चढवला, टाय बांधला आणि बाटली घेऊन स्वतःच नाक्यावरच्या पोलीसचौकीत गेले, गुन्हा कबूल करायला.

पोलीस पोरगेलासा होता. बिचारा गोंधळून काकांबरोबर खोली बघायला आला. मी जिन्यात उभा. माझा व्हिसा वाढवायचा अर्ज त्याच आठवड्यात गेला होता, काकांनीच भरलेला. पोलिसाने मला विचारलं, तुम्हाला यातलं काही माहीत आहे का? प्रश्न मला पुरता कळला होता. मी म्हणालो, "वाकारिमासेन."

काका लगेच मध्ये पडले. "त्याचा संबंध नाही. गणित माझं होतं."

पोलीस सगळं मोरीत ओतायला सांगून, वर नमस्कार करून निघून गेला. त्याच्या लेखी ते तिथे संपलं. काकांचं संपलं नाही. रोज संध्याकाळी वही उघडून तीच बेरीज, तोच भागाकार. "कुठे चुकलो तेच सापडत नाही रे. सापडलं असतं तर बरं होतं." मी समोर बसून चहा प्यायचो. व्हिसाचं होऊ दे, मग सांगू, असं मनाशी म्हणायचो. व्हिसा झाला, तीन वर्षांचा. मग वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही, म्हणतील. तोवर काका ऑफिसातलं स्वतःचं काम दुसऱ्याकडून तपासून घ्यायला लागले होते. मग बँकेच्या कामावर सही करायलाच नको म्हणाले. कोणी काढलं नाही त्यांना. मुदत संपायच्या आधी आपणच परत जातो म्हणून सांगितलं. विमानतळाच्या बसमध्ये चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बल्लवाचार्य, वय झालं की डोकं फसवतं. तू मात्र अक्षरं सोडू नकोस." बसचं दार लागलं. मी हात हलवत राहिलो.

हल्ली ते सांगलीला बहिणीकडे असतात. दिवाळीला मी फोन करतो. गेल्या खेपेला बहीण म्हणाली, औषधाच्या गोळ्यासुद्धा मलाच मोजायला लावतो हो, स्वतःवर भरवसा नाही म्हणतो. तेव्हाच फोनवर सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. पण असं दुरून सांगून मोकळं व्हायचं मला नाही. त्यांच्या उपकारांतलं दुसरं काही माझ्याने फिटणार नाही, एवढं एक फेडता येईल. पुढच्या रजेत चिपळूणच्या आधी सांगली. त्यांच्यासमोर बसेन आणि सांगेन की काका, साखर मी घातली होती, अर्धा किलो, तुमचा आकडा बरोबर होता. मग ते रागावोत, दार दाखवोत. पण सांगेन, नक्की सांगेन.