मागल्या दाराचा नंबर

आज बाजारात गुलछडीचा वास आला आन् पाय तिथंच थांबले. बायको गेल्यापासून हा वास मला सोसत नाही.

लय वर्षं झाली. ही फुलांचे हार करून विकायची; त्या हारांचं पान इंटरनेटवर टाकायचं आमच्या पोरीनं, मंदानं, मनावर घेतलं होतं. कॉम्प्युटरवर पान तयार होतं, फोटोत ही गुलछडी कवेत धरून हसत होती, पण ते वर काही चढेना. हिनं तर सुरगाण्याच्या बहिणीला फोन करून पान लागलं म्हणून सांगूनबी टाकलं होतं.

"आई, पान आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवायचंय, आन् सर्व्हरला लय दारं असतात," मंदा म्हणाली. "हे सॉफ्टवेअर नेहमीचंच दार ठोठावतंय. ऑफिसानं ते बंद करून वेगळ्याच नंबरचं उघडं ठेवलंय."

"मग त्याला सांग, मागनं ये. फुलं नाय का आपण मागल्या दारानं आत घेत?" असं म्हणून ही माझ्याकडं वळली. "अहो, विहिरीची मोटर खोलता ना, मग करा की काहीतरी!"

"ह्याला पाना लागत नाय," मी म्हणालो. ओल्या हातानं तोंड झाकून ती हसत सुटली. मी नुसता उभा. शेवटी मंदानं पत्त्यापुढं तो नंबर घातला आन् पान चढलं.

तेव्हा वाटलं, आपण शिकलो नाही म्हणून काही करता येत नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी माझा हात धरून ही तेच म्हणाली, "अहो, करा की काहीतरी." मी मंदाकडं बघितलं. एवढी शिकलेली माझी पोर, तीबी नुसती उभी होती.