रॉबीचा डॉक्टर

आज सकाळी रॉबीच्या फोटोखाली पहिलं 'आरआयपी' मिलिंदने लिहिलं.

मी ते डिलीट केलं.

का केलं, असं ज्यांनी फोन करून विचारलं, त्यांच्यासाठी लिहितेय. एकदाच.

रॉबी माझा नवरा. इथे कतारला, हमद पोर्टवर लॉजिस्टिक्समध्ये होता. त्याला जाऊन आज वर्ष झालं.

त्याचा छंद बहुतेकांना माहीत आहे. जुनी जर्मन लष्करी पदकं. पोर्टवरच्या एका जर्मन साहेबाने कतार सोडताना त्याला एक आयर्न क्रॉस दिला, तिथून सुरुवात.

लोक विचारायचे, हिटलरचा फॅन आहेस का? तो न चिडता समजावायचा, की माझी सगळी पहिल्या महायुद्धातली आहेत, कैसरच्या काळातली. स्वस्तिकवालं एकही त्याने घरात आणलं नाही.

त्याला पदकापेक्षा ते छातीवर लावणारा माणूस हवा असायचा.

शेवटच्या वर्षांत त्याच्याकडे एक बार आला. म्हणजे एकाच पट्टीवर ओळीने शिवलेली एका माणसाची सगळी पदकं. त्यावर नाव नसतं. कुठली पदकं एकत्र आहेत, ते जुन्या छापील याद्यांशी जुळवत माणूस शोधायचा.

या बारवर पांढऱ्या फितीचा आयर्न क्रॉस होता. ती फीत न लढणाऱ्यांची. शेजारी रेड क्रॉसचं पदक.

किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसच्या मशीनला लावलेला असतानाही रॉबी टॅबवर याद्या चाळायचा. नर्स हसायच्या.

आणि त्याला माणूस सापडला. व्युर्टेमबर्गचा एक लष्करी डॉक्टर. त्या दिवशी रॉबी घरभर बोलत होता. जेवताना डॉक्टर, झोपताना डॉक्टर. जर्मनीतल्या एका मासिकासाठी लेखही लिहून काढला. पाठवायच्या आधी फक्त मिलिंदला दाखवायचा होता.

मिलिंद भावजी, रॉबीचे मित्र. दोह्यात बिन ओमरानला राहतात, मोठ्या पोस्टवर आहेत. दर शुक्रवारी आमच्या अल वक्राच्या घरी जेवायला. पदकांमधलं त्यांना रॉबीपेक्षा जास्त कळतं, असं रॉबीच म्हणायचा.

त्यांनी लेख वाचला. भिंग लावून बार उलटा केला. बराच वेळ बघितलं.

"रॉबी, हा जुळवलेला आहे. दोरा नवा आहे. कोणीतरी सुटी पदकं घेऊन शिवलीत."

"मग डॉक्टर?"

"डॉक्टर तू बनवलास."

एवढं बोलून त्यांनी अजून थोडी मटणाची करी मागितली. मी वाढली.

ते गेल्यावर रॉबीने लेख डिलीट केला. फोटो, याद्या, सगळं. मी म्हटलं, थांब, दुसऱ्या कुणाला तरी दाखव. तर म्हणाला, "तुला त्यातलं काय कळतं?"

खरंच काही कळत नव्हतं.

त्यानंतर डायलिसिसला तो टॅब नेईना. छताकडे बघत पडून राहायचा. मग जायलाच कंटाळा करू लागला. भांडून न्यावं लागायचं. एकदा न्यायचं राहिलं, आणि नंतर न्यायला तो उरला नाही.

मिलिंदने त्याला मारलं, असं मी म्हणत नाही. किडन्यांनी मारलं.

वसईला माती देऊन आम्ही परत आलो, तेव्हा भावजी खजुराचा डबा घेऊन भेटायला आले. रडलेही. निघताना म्हणाले, "वहिनी, तो बार मला द्याल का? त्याला तशी काही किंमत नाही. रॉबीची आठवण म्हणून ठेवीन."

मी रॉबीच्या रुमालात बांधून दिला. वर थँक्यू म्हटलं.

मागच्या महिन्यात रियाने मला फोन दाखवला. ती पप्पाच्या ऑनलाइन कलेक्टर ग्रुपवर अजून आहे.

"ममा, दॅट्स अवर टेबल, नो?"

आमचंच टेबल. माझ्या आईने विणलेला टेबलक्लॉथ. वर तो बार. रॉबीने काढलेला फोटो, त्याने कधीतरी भावजींना पाठवलेला.

खाली मिलिंदची भलीमोठी पोस्ट. अस्सल बार, मूळ शिवण. अनेक वर्षांच्या संशोधनानंतर मालकाचा शोध लागला आहे.

तोच डॉक्टर. तेच नाव.

आणि खाली जगभरातून अभिनंदनं.

मी ग्रुपवर लिहिलं. अ‍ॅडमिनने फार सभ्यपणे पुरावा मागितला. रॉबीने काहीच ठेवलं नव्हतं. टेबलक्लॉथ हा पुरावा नसतो म्हणे. माझी कमेंट काढून टाकली.

मग मी भावजींना फोन केला. बार खरा आहे हे तुम्हाला कधी कळलं, एवढंच विचारलं.



"वहिनी, रॉबी तर गेला. आता त्याला काय फरक पडतो? निदान काम तरी जगासमोर आलं."

मी विचारलं होतं, कधी कळलं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मी तीनदा विचारलं.

बार मला परत नको. पदकं, भिंग, अभिनंदनं, सगळं तुमच्याकडेच राहू दे, मिलिंद.

संध्याकाळी चर्चमध्ये रॉबीसाठी मिसा आहे. सगळ्यांनी या. तुम्ही येऊ नका.

रॉबी,
डॉक्टर खरा होता.
तू त्याला बनवला नव्हतास, शोधला होतास.

मला काही कळत नाही, पण एवढं कळतं.

नीज आता.