कामाच्या दिवशी पाहिलेलं घर

सूनबाई,

परवा थोरल्याने पाहुण्यांसमोर पुन्हा तीच टेप लावली, की धाकटीला घर आम्हीच बघून दिलं. तू आत चहा गाळत होतीस. ऐकलंस आणि गप्प बसलीस. मला गप्प बसता येत नाही. तोंडावर सांगायला गेले तर तू "जाऊ द्या हो आई" म्हणून उठून जाशील, म्हणून लिहिते आहे. तुझ्याआधी चार जणांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

माझा धाकटा गेला तेव्हा तू इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करत होतीस. कधी पहाटेची पाळी, कधी दुपारची. टकळी दुसरीत होती. माझ्या या नातीचं तोंड फक्त झोपेत बंद असे. भाड्याचं घर सोडायचं ठरलं आणि सगळ्या घराला एकदम तुझी काळजी वाटू लागली. नवरा असताना तू पहाटेच्या काळोखात एकटी बस गाठायचीस, तेव्हा ही काळजी कुठे सुट्टीवर गेली होती कोण जाणे.

थोरल्याने गावाबाहेरची नवी कॉलनी पसंत केली. उंच भिंत, फाटकावर पहारेकरी, जिन्यात कॅमेरे, शाळेची बस दारात. एका रविवारी आम्ही सगळे गाडीत कोंबून बघायला गेलो. रस्ते मोकळे, झाडांना पाणी घातलेलं, मुलं सायकली फिरवतायत. थोरली सून म्हणाली, इथे तर मीच राहायला येईन. सगळे तुझ्याकडे बघू लागले. तू म्हणालीस, "मला हे कामाच्या दिवशी बघायचंय."

थोरल्याला राग आला. आमच्या घरात घर नेहमी रविवारीच बघतात. जेवून, एक डुलकी काढून. तू त्याला लॅबच्या भाषेत समजावलंस, "भाऊजी, साखर तपासायला येण्याआधी पेशंट दोन दिवस गोड सोडतात. रिपोर्ट छान येतो, माणूस आजारीच राहतो."

मग तुझ्या सुट्टीच्या दिवशी, पण बाकीच्या जगाच्या कामाच्या दिवशी, आपण तिघी निघालो. टकळीच्या पाठीवर तू भरलेलं दप्तर दिलंस. इस्पितळाच्या फाटकापासून सुरुवात केली, दोन बस बदलल्या, मधल्या नाक्यावर ताटकळलो. मी थोरल्याला मनात आणि तुला मोठ्याने बोल लावत होते. कॉलनीत पोचलो तेव्हा शाळा सुटून गेली होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जिन्यात तू टकळीला म्हणालीस, "तुझी किल्ली हरवलीय आणि तुला तहान लागलीय. वाजव कुठलीही बेल."

पोरीने ओळीने बेल वाजवल्या. एका दारामागून "कोण हवंय?" एवढं आलं, दार नाही उघडलं. थोडा वेळ गेला आणि पहारेकरीच वर आला. कोणीतरी त्याला फोन केला होता. अनोळखी मुलगी फिरतेय म्हणून. बिचारा कामच करत होता.

तिथून आपण डेपोमागच्या गल्लीत गेलो. तू मनात धरलेली जागा ती. खाली दुकानं, वर खोल्या, लिफ्ट नाही, इस्पितळाला एक बस, शाळा दोन वळणांवर. वस्तीचं नाव खराब. स्कूटर चोरीला जातात, भांडणं होतात, हे मी लपवत नाही. शाळाही काही फार नावाजलेली नव्हती. पण आधीच एकदा शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून तू बघून ठेवलं होतंस की बाई शेवटचं मूल जाईपर्यंत आत जात नाहीत.

इथेही टकळीला पुढे पाठवलंस आणि आपण दोघी वळणाआड थांबलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईने पाणी दिलं, स्टुलावर बसवलं, आणि मग उलटतपासणी सुरू केली. कोणाची तू, आई कुठेय, एकटी कशी. टकळी गप्पा मारून उठू लागली तर हात धरून पुन्हा बसवली. शेवटी तुला पुढे व्हावंच लागलं. ग्रीसने माखलेला हात नाचवत ती बाई तुला म्हणाली, "तू आई? एवढंसं पोर सोडून कुठे उंडारत होतीस?"

तुझा चेहरा मला अजून आठवतो. भररस्त्यात बोलणी खात होतीस आणि बक्षीस मिळाल्यासारखी हसत होतीस. परतताना मला म्हणालीस, "आई, दुपारी मी नसेन तेव्हा मला हिच्यासारखं रागावणारं माणूस हवंय. कॅमेरा रागावत नाही."

घरी थोरल्याने निकाल ऐकला आणि म्हणाला, त्या डेपोमागे गेलीस तर आमच्यापैकी कोणी तिथे पाय ठेवणार नाही. तू मान खाली घालून बसली होतीस, पण "चूक झाली" म्हणाली नाहीस. मीच म्हटलं, "माझे पाय माझे आहेत. गुडघे दुखतात, पण माझेच आहेत." त्या तीन जिन्यांना शिव्या घालत मी दर आठवड्याला चढले, अजून चढते. टकळी त्याच गल्लीत लहानाची मोठी झाली. तिथे गेल्यावर घेतलेली तुझी स्कूटर चोरीला गेली, खरंय. तू पुन्हा बसने जायला लागलीस. घर सोडायचा विषय काढला नाहीस.

आणि एवढं बोलून थोरलाही आलाच होता. सामान लागलं त्या दिवशी दारातूनच एक भलंमोठं कुलूप हातात ठेवून गेला. "या वस्तीत लागेल," म्हणाला. त्याचा दांडा इतका जाड की तुझ्या कडीत शिरेना. तू म्हणालीस, येत्या शनिवारी दोघी दुकानात जाऊन बदलून आणू. त्या शनिवारी तुझी पाळी आली, पुढच्या शनिवारी माझे गुडघे. कुलूप तुझ्या दाराशी जमिनीवर आहे, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून टेकवलेलं. बदलून आणायचं तेवढं राहिलंय.