पोस्टरवरचा रेडिओ

वसईतल्या पापडी गावच्या सेबेस्टियनचं अख्खं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं. नेत्रा नावाच्या डिझायनरला गाण्यांच्या कार्यक्रमाच्या पोस्टरसाठी जुना रेडिओ हवा होता, म्हणून त्याने चार दिवस खपून एक मुका पडलेला रेडिओ गाता केला. तिने भराभर फोटो काढले.

"लावू का गं?" त्याने हौसेने विचारलं.

"नको अंकल, पोस्टरला आवाज कुठे असतो?"

पोस्टर वसईभर झळकलं. ते पाहून एक हॉटेलवाला सेबेस्टियनच्या दुकानात आला. "असे दहा रेडिओ द्या. आतलं सगळं काढून टाका, दिवे बसवायचेत."

सेबेस्टियनच्या ओठांवर शिवी आली होती, पण नेत्रा सोडली तर वर्षभरात दुसरं गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. कोणी पाहू नये म्हणून त्याने शटर अर्धं ओढलं आणि स्वतःच्या हाताने जोडलेल्या तारा कापायला बसला.